गाडी 'टोटल लॉस' म्हणतायत. पैसे घेऊन मोकळं व्हावं की गाडी ठेवून बाहेर दुरुस्त करावी?

पुणे_सातारा_अपडाउन | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत आलो, आज पहिल्यांदा धागा काढतोय आणि तोही असला.

२१ सप्टेंबरला रात्री साताऱ्याहून परत येताना शिरवळच्या अलीकडे पुढचा कंटेनर एकदम थांबला. मी उजवीकडे ओढली, पण पुरती निघाली नाही. डावी बाजू त्याच्या मागच्या कोपऱ्याखाली गेली. दोन्ही एअरबॅग फुटल्या. बायकोच्या मनगटाला प्लास्टर आहे, बाकी सगळे धड आहोत.

गाडी स्विफ्ट पेट्रोल, नोव्हेंबर २०२० ची, ५८ हजार किलोमीटर. पॉलिसी झिरो डेप (पार्टचा घसारा न कापणारी), आयडीव्ही (गाडीची विम्यात ठरलेली किंमत) ४,२०,०००. कर्जाचे ६१ हजार बाकी. वर्कशॉपचं एस्टिमेट ३,८६,००० आलं. विमा कंपनीचे सर्व्हेअर दोनदा बघून गेले आणि काल कंपनीचा मेल आला: टोटल लॉस (दुरुस्ती परवडत नाही, गाडी गेलीच धरायची), नेट ऑफ सॅल्व्हेज (मोडक्या गाडीची किंमत वजा करून). मोडक्या गाडीला १,४५,००० ची बोली आहे. म्हणजे कंपनी मला ४,२०,००० वजा १,४५,००० वजा सक्तीचे १,००० (क्लेममध्ये मालकाने सोसायचे), असे २,७४,००० देणार. उरलेले १,४५,००० तो बोली लावणारा मला थेट देणार आणि गाडी उचलणार. बोली १५ दिवस चालेल म्हणे.

किंवा २,७४,००० घ्यायचे आणि गाडी आपल्याकडेच ठेवायची. कात्रजचा एक गॅरेजवाला जुने पार्ट घालून २,१०,००० मध्ये करून देतो म्हणतोय. वर ६४ हजार हातात राहतात!

बाबा म्हणतात, ठेव. लॉकडाऊनमध्ये घेतलेली गाडी, पूजेला गुरुजी मिळाले नाहीत म्हणून त्यांनीच शोरूमच्या दारात नारळ फोडला होता. अशीच गाडी बाजारात पावणेपाच-पाच लाखांना सांगतायत, त्यामुळे ४ लाख १९ हजारात मी पुन्हा तीच गाडी घेऊ शकत नाही, हेही खरं.

आयडीव्ही कमी कसा, असं कुणी विचारायच्या आत सांगतो. गेल्या वर्षी ऑनलाइन रिन्यू करताना मीच आयडीव्हीची पट्टी डावीकडे सरकवली. साडेआठशे रुपये वाचले होते.

रोखठोक_नाना | सकाळी ९:३०

भंगार ते भंगार. द्या आणि सुटा.

बॉडीशॉप_बाजीराव | सकाळी १०:०५

नाना, इतकं सोपं असतं तर आमचं दुकान चाललं नसतं.

भाऊ, मी चौदा वर्षं बॉडीशॉपला आहे. आधी सांगा, एस्टिमेट गाडी खोलून केलंय की बाहेरून बघून? बाहेरून केलं असेल तर त्यात 'असू शकेल' ते सगळं टाकलेलं असतं आणि 'दिसत नाही' ते सगळं राहिलेलं असतं. डावा पिलर (काचेच्या कडेचा, पुढचा) बघा. आणि बॉनेट उघडलं तर खाली दोन लांब पेट्या मागे जाताना दिसतात, लाँग मेंबर म्हणतात. डावी पेटी कागदाच्या पंख्यासारखी घडीत गेली असेल तर त्या २,१०,००० मध्ये काय काय बसतंय ते लिहून मागा.

आणखी एक. एअरबॅग फुटली की फक्त पिशवी बदलून भागत नाही. कंट्रोल युनिट, पुढच्या दोन्ही सीटबेल्टचे प्रिटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारे), सेन्सर, वायर, डॅशबोर्डचा वरचा भाग, सगळं येतं. बाहेरच्या गॅरेजात काय करतात ते डोळ्यांनी बघितलंय. डॅशबोर्ड आतून फायबरने चिकटवतात आणि एअरबॅगच्या सॉकेटमध्ये दहा-वीस रुपयांचा रेझिस्टर घालतात. गाडीला वाटतं एअरबॅग आहे. मीटरवरचा दिवा नेमाने लागतो, नेमाने विझतो. पुढच्या वेळी ठोकली की मग कळतं.

विमा_सल्लागार_नगर | सकाळी १०:४८

पट्टी सरकवणाऱ्यांसाठी सांगून सांगून तोंड दुखलं. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला आयडीव्हीचा तक्ता ठरलेला आहे: कंपनीच्या छापील किमतीतून ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के वजा. त्याच्या थोडं वर-खाली कंपन्या करू देतात. वरचं टोक घ्यायचं, एवढंच.

या क्लेमनंतर तुमचा ४५ टक्के एनसीबीही (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) शून्यावर येणार. नव्या गाडीच्या हिशोबात धरून ठेवा. सुरुवातीला 'रिटर्न टू इनव्हॉइस' (टोटल लॉसला गाडीच्या बिलाची किंमत देणारं कव्हर) घेतलं होतंत का?

पुणे_सातारा_अपडाउन | सकाळी ११:०२

पहिली तीन वर्षं होतं. 😐

@बाजीराव, एस्टिमेट बाहेरूनच केलंय. खोलायचे वेगळे पैसे मागतायत आणि क्लेम सोडून गाडी नेली तर पार्किंगचे दिवसाला ४०० लावणार म्हणे.

आयटीतला_आशावादी | सकाळी ११:४०

वेगळी शंका. अपघात २१ सप्टेंबरचा. २२ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नवी स्विफ्ट स्वस्त झाली. कंपनी त्यावरून आयडीव्ही खाली आणू शकते का?

निवृत्त_सर्व्हेअर | दुपारी १:२०

नाही. आयडीव्ही पॉलिसी सुरू होताना ठरतो आणि टोटल लॉसला पूर्ण वर्ष तोच धरतात. गाडी पहिल्या महिन्यात गेली काय, अकराव्या महिन्यात गेली काय. उलट यांचा तर फायदाच आहे. रक्कम जुन्या भावाची, खरेदी नव्या भावाची.

आता धागाकर्त्यासाठी. लोक ७५ टक्के एवढंच वाचतात. पॉलिसीत लिहिलंय ते असं: गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च, 'पॉलिसीच्या अटींना धरून', आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस समजायचा. ते मधले शब्द फार महत्त्वाचे. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगची निम्मी किंमत कापली जाते. तुमच्या वयाच्या गाडीच्या पत्र्याला ३५ टक्के घसारा लागतो. काचेला काही नाही. तसं कापत गेलं असतं तर ३,८६,००० चं एस्टिमेट कंपनीपुरतं अडीच लाखांच्या आसपास उतरलं असतं, म्हणजे ७५ टक्क्यांच्या बरंच खाली. दुरुस्ती झाली असती आणि उरलेले सव्वा-दीड लाख तुमच्या खिशातून गेले असते. तुमच्याकडे झिरो डेप, म्हणून कापायला काही नाही, म्हणून रेषा ओलांडली. ७५ टक्के म्हणजे ३,१५,०००. तुम्ही ७१ हजारांनी पुढे आहात. एस्टिमेटमध्ये थोडी हवा असली तरी एवढी नसते.

सर्व्हेअरच्या टेबलावर शेवटी तीन आकडे असतात: दुरुस्ती केली तर किती, टोटल लॉस दिला तर किती, सॅल्व्हेज वजा करून दिला तर किती. कमीत कमी असेल त्यावर बोट ठेवायचं, अशी कंपनीची अपेक्षा असते. मी तीस वर्षं तेच केलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण तुमच्या हिशोबात एक चूक आहे. '६४ हजार वर राहतात' असं म्हणताय. राहत नाहीत. गाडी दिलीत तर ४,१९,००० मिळतात. ठेवलीत तर २,७४,०००. म्हणजे आपलीच मोडकी गाडी तुम्ही १,४५,००० ला विकत घेताय, वर २,१०,००० घालताय. ३,५५,००० ची गाडी झाली. आता सांगा, समोरच्याला खरं सांगून ही गाडी विकायला काढलीत तर साडेतीन तरी कोण देईल?

पुणे_सातारा_अपडाउन | दुपारी १:५५

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जे खिशातून दिलं नाही ते दिलंच नाही असं वाटत होतं.

वाशिष्ठीकाठ | दुपारी ३:१०

मी साडेतीन लाखांचा शहाणपणा केलेला माणूस आहे, माझं ऐका.

चिपळूण, २२ जुलै २०२१. पहाटे पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही आधी तांदूळ आणि आई वर नेली, गाडी खालीच राहिली. पाणी ओसरलं तेव्हा टपावर कुणाची तरी चटई होती. इंजिन चालू करायचं नाही एवढं माहीत होतं, त्यामुळे त्यावरून तरी कंपनीला बोलता आलं नाही. गावात इतक्या गाड्या होत्या की सर्व्हेअर वहीत ओळीने नंबर लिहीत चालले होते. सगळ्यांनाच टोटल लॉस. माझ्या सॅल्व्हेजला ९० हजारांची बोली होती. भावनेच्या भरात ठेवली.

इंजिन उतरवलं, सीट धुतल्या, कार्पेट उन्हात टाकलं. दोन महिने झकास चालली. मग पॉवर विंडो. मग हॉर्न आपोआप. मग एकदा परशुराम घाटात सगळे दिवे गेले. वायरिंगचं एकेक सॉकेट उघडलं की आत हिरवं. मिस्त्री म्हणाला, काका, हा मासा अजून पोहतोय. दीड वर्षानंतर ड्रायव्हर सीटचा नट काढला तर खालून ओल्या चिखलाचा वास. शेवटी विकली, आकडा विचारू नका.

तुमची पाण्यातली नाही हे मान्य. पण जे दिसत नाही त्याचे पैसे नंतर भरावे लागतात, एवढं दोन्हीकडे सारखं.

लीड्सचा_कोल्हापुरी | संध्याकाळी ५:४५

इकडे इंग्लंडात माझी फिएस्टा अशीच गेली, म्हणून फरक सांगतो. इथे ऑक्टोबर २०१७ पासून ए, बी, एस, एन असे चार वर्ग आहेत. ए आणि बी रस्त्यावर परत येत नाहीत. एस म्हणजे सांगाड्याला मार लागलेली, एन म्हणजे सांगाडा शाबूत. गाडी ठेवता येते, पण तो शिक्का तिच्या इतिहासात कायमचा बसतो. विकत घेणारा चार पौंड टाकून बघू शकतो.

आणि इथे बहुतेक पॉलिसीत रक्कम आधी ठरलेली नसते, अपघाताच्या वेळचा बाजारभाव धरतात. त्यामुळे लोक तशाच गाड्यांच्या जाहिराती गोळा करून पाठवतात आणि भांडतात. मी भांडून साडेचारशे पौंड वाढवून घेतले. आपल्याकडे तुम्ही पट्टी सरकवून आधीच कबूल होऊन बसलेले असता.

बॉडीशॉप_बाजीराव | संध्याकाळी ६:२०

आपल्याकडे आरसी बघून ही टोटल लॉस झालेली होती हे कुणाला कळतं? म्हणूनच तर सॅल्व्हेजला एवढी बोली येते. १,४५,००० काही पत्र्याचे नाहीत. बरेचसे कागदाचे, म्हणजे आरसीचे आहेत.

निशिगंधा_ठाणे | संध्याकाळी ७:०२

बाजीराव शेवटचं वाक्य बोलले ते कुणीतरी बोलायलाच हवं होतं. गाडी देणार असाल तर माझ्या भावाची गोष्ट वाचा.

त्याची गाडी टोटल लॉस झाली, बोलीवाल्याचा माणूस आला, फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) सह्या घेतल्या. खरेदीदाराचं नाव कोरं. 'ऑफिसमध्ये भरतो साहेब.' पैसे मिळाले, आम्ही विसरलो. दीड वर्षाने परराज्यातलं ई-चलान त्याच्या मोबाईलवर. फोटोत गाडी त्याचीच, नंबर त्याचाच, रंग वेगळा! नशीब की चलानच होतं. त्या गाडीखाली कुणी आलं असतं तर?

सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात स्पष्ट म्हटलंय की गाडी मधे कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. तिथेही गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेली होती, नावावर मात्र पहिल्याच्याच राहिली होती.

तेव्हा कोऱ्या फॉर्मवर सही नाही. खरेदीदाराचं नाव-पत्ता तुमच्यासमोर भरायचा, त्याच्या आधार-पॅनची प्रत घ्यायची, तारीख-वेळ घालून डिलिव्हरीची पावती घ्यायची. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचं काम आहे. घेणाऱ्यावर सोडू नका.

पुणे_सातारा_अपडाउन | संध्याकाळी ७:३०

ताई, आरसीच रद्द करून टाकली तर?

निवृत्त_सर्व्हेअर | रात्री ८:१५

करता येते. कलम ५५: गाडी कायमची निकामी झाली असेल तर मालकाने १४ दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, आरटीओला कळवून आरसी जमा करायची. सगळ्यात निर्धोक मार्ग. पण आरसीविना सॅल्व्हेजची बोली पडते, १,४५,००० चे नव्वदही होतील. तेव्हा कंपनीला लेखी विचारा: आरसी रद्द करून गाडी तुमच्या ताब्यात देतो, मला आयडीव्ही वजा एक हजार द्या, सॅल्व्हेज तुम्ही विका. कुरकुर करतील. विचारायला हरकत नाही.

सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागा, मागितली की मिळते. वेळ काढत असतील तर लक्षात ठेवा, आयआरडीएआयच्या (विमा नियामक) २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअरने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि कंपनीने अहवाल आल्यापासून ७ दिवसांत निर्णय. वाद झालाच तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. तुमच्या बाबतीत वादाचं फारसं काही दिसत नाही.

रोखठोक_नाना | रात्री ८:२१

मी सकाळी साडेनऊला हेच म्हणालो होतो.

पुणे_सातारा_अपडाउन | १६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

अपडेट. कात्रजच्या मिस्त्रींना घेऊन वर्कशॉपला गेलो. बाबाही आले. मिस्त्रींनी चाकांच्या मधलं अंतर टेपने मोजलं, आधी उजवीकडचं, मग डावीकडचं. डावं पुढचं चाक २२ मिलिमीटर मागे. परत मोजलं, तेच. मग ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा लावून बघितला, अलगद लागला. डाव्या बाजूचा मागचा दरवाजा, ज्याला ओरखडाही नाही, तो बंद होताना वर घासला. त्यावर मिस्त्री काही बोलले नाहीत, बाबांकडे बघितलं. मग म्हणाले, "करून देईन, पण घाटात तुम्ही स्टिअरिंग सोडून बघायचं नाही."

त्यांनी स्वतःहून ना केली याबद्दल त्यांना मानलं. बाबांनी डॅशबोर्डवरचा गणपती नखाने सोडवून खिशात टाकला आणि रिक्षात जाऊन बसले.

तर गाडी देतोय. आरसी रद्द करण्याबद्दल कंपनीला मेल केला होता. 'आमच्या पद्धतीत बसत नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं. बोली २५ तारखेला संपतेय, मधे दिवाळी. लोकपालाकडे जाऊन चार महिने थांबण्यापेक्षा ताईंच्या यादीने जायचं ठरवलं.

निशिगंधा_ठाणे | रात्री ११:०५

कर्जाचं काय? आरसीवर बँकेचा बोजा असेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर होणारच नाही.

पुणे_सातारा_अपडाउन | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

म्हणूनच ते ६१ हजार आणि वर बंद करण्याचा चार्ज मी आधीच भरून टाकतोय, नाहीतर कंपनी आधी बँकेला देणार, उरलेलं मला, आणि एनओसीची वाट बघत बोली संपणार. बँक म्हणाली, फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) आणि एनओसी चार दिवसांत. बघू.

पुणे_सातारा_अपडाउन | ८ नोव्हेंबर, दुपारी १२:३५

चार दिवसांचे नऊ झाले. बोली एकदा वाढवून घ्यावी लागली, १,४५,००० ची १,४१,००० झाली. मी कंपनीला लिहिलं की सॅल्व्हेज जितकं उतरेल तितकी तुमची रक्कम वाढायला हवी, आणि वाढवली त्यांनी. न लिहिता वाढवली असती असं वाटत नाही. २,७८,००० गुरुवारी जमा झाले.

खरेदीदाराचा माणूस काल संध्याकाळी आला. कोल्हापूरचा. फॉर्म कोरे द्या म्हणाला, मी नाही म्हणालो. मग त्याने मालकाला फोन लावला आणि मालकाने व्हॉट्सॲपवर आधार पाठवलं. वर्कशॉपच्या काउंटरवरच नाव भरलं. १,४१,००० चा मेसेज आल्यावर दोन्ही किल्ल्या दिल्या. आरटीओला कळवायचे कागद आज सकाळी दिले, पोच घेतली.

सगळ्यांचे आभार. मिस्त्रींना दिवाळीचा फराळ देऊन आलो.

बॉडीशॉप_बाजीराव | दुपारी १:१०

एकच नंबर. फास्टॅग बंद केला ना?

पुणे_सातारा_अपडाउन | दुपारी १:१४

अरेच्चा. काच तडकलेली होती पण जागेवर होती, त्यामुळे काढायचं डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी करतो.

बॉडीशॉप_बाजीराव | दुपारी १:१६

संध्याकाळी नाही. आत्ता.

पुणे_सातारा_अपडाउन | दुपारी १:३१

केला बंद. काल रात्री ११:४० ला खेड शिवापूरला टोल कापला गेलाय. गाडी फ्लॅटबेडवर होती.